दुधनीहून दोन्हीकडं गाडी जाते

दुधनीच्या स्टेशनावर उभं राहिलं की एकीकडं बोरोटी, अक्कलकोट रोड, सोलापूर आणि पुढं पुणे. दुसरीकडं गाणगापूर रोड, कलबुर्गी, वाडी आणि तिथून हैदराबाद. बाजाराला, दवाखान्याला, सोयरिकीला, बांधकामाच्या मजुरीला आपली माणसं या दोन्ही दिशांना रोज जातात. आता याच रुळांकडं जरा वेगळ्या नजरेनं बघा. पुण्याच्या बाजूला खडकवासला, तिथं राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी, म्हणजे आपण ज्याला नुसतं एनडीए म्हणतो ते. हैदराबादच्या बाजूला दुंडिगल, तिथं हवाई दलाची अकादमी. आणि कलबुर्गीच्या पलीकडं बीदर, तिथं लढाऊ वैमानिकांना हॉक विमानावर तयार केलं जातं.

म्हणजे बारावी झालेला पोरगा ज्या वाटेनं लढाऊ वैमानिक होतो, त्या वाटेवरची ही तीन मोठी ठाणी दुधनीपासून फार तर एका रात्रीच्या प्रवासात आहेत. दिल्ली-मुंबईच्या पोरांनासुद्धा हे जवळ नाही. आपल्याला आहे. आणि तरीही दुधनीतल्या पोरांना खडकवासला ठाऊक आहे ते धरणामुळं.

हे मी अंदाजानं लिहीत नाही. मध्यंतरी एका पहाटे गावाबाहेरच्या रस्त्यावर भरतीची तयारी करणारी पोरं भेटली. अंधारातच सोळाशे मीटरचे राऊंड चालले होते. एकाच्या हातात मोबाईलवर टायमर, एकाच्या खांद्यावर गोळा. आठ-दहा जण असतील. निम्मी घरी कन्नड बोलणारी, शाळा मराठीतून झालेली, आपापसात दोन्ही भाषांची मिसळ. दिवसा कुणी आडत दुकानात वजनाला बसतो, कुणी शेतात, कुणी कॉलेजात नावापुरता. पोलीस भरती, अग्निवीर, एसआरपी यांच्या तारखा सगळ्यांना तोंडपाठ. छाती किती लागते, कुठल्या जिल्ह्यात जागा जास्त, मेरिट कितीवर लागलं, विचाराल ते सांगतात.

मी विचारलं, ‘‘एनडीएचा फॉर्म कुणी भरला का?’’

एक जण हसला. ‘‘ते मोठ्या लोकांचं असतंय ओ सर. आपल्याला कुठं जमतंय.’’

दुसऱ्यानं विचारलं, ‘‘एनडीए म्हणजे ऑफिसरचं ना? त्याला डिग्री लागती की.’’

लागत नाही. पण ते सांगण्याआधी एका माणसाच्या नोकरीची गोष्ट सांगतो. ती नीट समजली तर त्या पोराचं ‘मोठ्या लोकांचं’ हे म्हणणं किती खरं आणि किती खोटं, ते तुमचं तुम्हाला कळेल.

३० सप्टेंबर २०२१ ला एअर चीफ मार्शल विवेक राम चौधरी भारतीय हवाई दलाचे प्रमुख झाले. मूळ गाव नांदेड जिल्ह्यात हदगाव तालुक्यातलं हस्तरा. त्या आठवड्यात आपल्याकडच्या पेपरांनी मथळे सजवले, फटाके वाजले, ‘मराठवाड्याचा सुपुत्र’ झालं, ‘गावचा पोरगा आकाशात’ झालं. अभिमान वाटावा अशीच गोष्ट होती, त्यात वाद नाही. पण या मथळ्यांनी एक घोटाळा केला. वाचणाऱ्याला वाटलं की हस्तऱ्याच्या बांधावरून एक पोरगा उठला आणि थेट विमानात बसला. तसं झालेलं नाही. चौधरींचे वडील अभियंते होते, आई शाळेत मुख्याध्यापिका, आणि कुटुंब नोकरीच्या निमित्तानं हैदराबादला राहिलेलं. म्हणजे घरात शिक्षण होतं, मोठं शहर होतं, आणि सोळाव्या-सतराव्या वर्षी ‘अशी एक परीक्षा असते’ हे सांगणारं कुणीतरी होतं.

हे मी त्यांचं मोठेपण कमी करायला सांगत नाही. पुढची चाळीस वर्षं त्यांची स्वतःची आहेत. पण गावातल्या पोराला ‘तूही हो’ एवढंच सांगायचं आणि मधली पायरी लपवायची, ही फसवणूक आहे. प्रेरणेच्या नावाखाली आपण ती फार करतो.

चौधरी बारावीच्या वयात एनडीएत गेले. त्यांची तुकडी एकसष्टावी. या एकसष्टाव्या तुकडीबद्दल एक गोष्ट ऐका. त्याच तुकडीत नागपूरचे मनोज पांडे होते आणि आर. हरी कुमार होते. पांडे ३० एप्रिल २०२२ ला लष्करप्रमुख झाले. हरी कुमार तेव्हा नौदलप्रमुख होते आणि चौधरी हवाई दलप्रमुख. खडकवासल्याच्या एकाच मैदानावर एकाच वेळी घाम गाळलेली, सतरा-अठरा वर्षांची तीन पोरं चाळीस वर्षांनी देशाच्या तिन्ही सैन्यदलांच्या खुर्च्यांवर एकाच वेळी बसली. तिघांतले दोघे मराठी.

एनडीएची तीन वर्षं झाली की हवाई दलात जाणारे कॅडेट दुंडिगलला जातात. २९ डिसेंबर १९८२ ला चौधरी लढाऊ वैमानिक म्हणून हवाई दलात दाखल झाले. वय वीस. तुमच्यातले कित्येक जण विसाव्या वर्षी ‘बघू पुढं काय करायचं ते’ म्हणत असतात.

त्यानंतरची वर्षं मोजली तर प्रमुखपदापर्यंत पोचायला जवळजवळ एकोणचाळीस लागली. मिग-२१, मिग-२३, मिग-२९ आणि सुखोई-३० अशी विमानं त्यांनी चालवली. मिग-२१ म्हणजे साठच्या दशकात आपल्याकडं आलेलं विमान. अपघातांमुळं बदनाम झालं, तरी पिढ्यान् पिढ्या वैमानिकांनी त्याच्यावरच हात बसवला, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये ते एकदाचं निवृत्त झालं. चौधरींच्या नावावर ३,८०० तासांपेक्षा जास्त उड्डाण आहे. ऐकायला थोडं वाटतं. सलग धरलं तर १५८ दिवस, सव्वापाच महिने! एकोणचाळीस वर्षांच्या नोकरीत हवेत सव्वापाच महिने. बाकीचं आयुष्य जमिनीवर: उड्डाणाआधीची तयारी, उड्डाणानंतरची झाडाझडती, अभ्यास, शिकवणं, फायली, बदल्या, पुन्हा अभ्यास. पिक्चरमध्ये हा भाग दाखवत नाहीत.

सियाचीनच्या ऑपरेशन मेघदूतमध्ये आणि १९९९ च्या कारगिलमध्ये, म्हणजे ऑपरेशन सफेद सागरमध्ये, त्यांनी हवाई संरक्षणाची उड्डाणं केली. हवाई संरक्षण म्हणजे आपण बॉम्ब टाकायचा नाही. शत्रूचं विमान आलंच तर त्याला अडवायला वर घिरट्या घालत राहायचं. शत्रू आला नाही तर बातमी होत नाही. पण तो आला नाही, यात तुमचाही वाटा असतो.

कारगिलच्या वेळी सगळ्यात वरच्या खुर्चीवर दुसरा एक मराठी माणूस होता, एअर चीफ मार्शल अनिल यशवंत टिपणीस. ‘सेनापती’ या शब्दात खरं काय असतं ते त्यांच्या त्या दोन महिन्यांत दिसतं, म्हणून जरा थांबतो. मे महिन्यात डोंगरांवर घुसखोर दिसले तेव्हा लष्करानं हवाई दलाकडं हल्ल्याची हेलिकॉप्टरं मागितली. टिपणीस लगेच हो म्हणाले नाहीत. हवाई दल उतरवणं म्हणजे लढाई वाढवणं, ते सरकारच्या मंजुरीशिवाय करता येणार नाही, आणि त्या उंचीवर ही हेलिकॉप्टरं टिकणार नाहीत, असं त्यांचं म्हणणं होतं. यावरून त्यांच्यावर टीका झाली, आजही होते. सरकारची मंजुरी मिळाली पण अट घातली गेली: ताबारेषा ओलांडायची नाही. २६ मेला हल्ले सुरू झाले. २७ मेला दोन लढाऊ विमानं गेली. स्क्वाड्रन लीडर अजय आहुजा मारले गेले, फ्लाइट लेफ्टनंट नचिकेता पाकिस्तानच्या हाती सापडले. २८ मेला एमआय-१७ हेलिकॉप्टर पडलं, आतले चौघं गेले.

तीन दिवसांत एवढं नुकसान, वर ती अट आहेच, आणि सगळा देश बघतोय. अशा वेळी सेनापतीनं काय करायचं? संतापून रेषा ओलांडायची, की हात वर करायचे? दोन्ही केलं नाही. पद्धत बदलली. विमानं खांद्यावरच्या क्षेपणास्त्रांच्या टप्प्याबाहेर, उंचावरून हल्ला करू लागली, सशस्त्र हेलिकॉप्टरं बाजूला काढली, आणि जूनमध्ये मिराज-२००० विमानांनी लेझरच्या साहाय्यानं नेम धरणारे बॉम्ब वापरले. २४ जूनला टायगर हिलवर असाच हल्ला झाला. चौधरी तेव्हा सतरा वर्षं नोकरी झालेले अधिकारी होते. वरचा माणूस अटीत राहून कसा वाट काढतो, हे त्या पिढीनं जवळून पाहिलं.

आता बढत्यांचं गणित. आपल्याकडं ‘साहेब झाला’ म्हटलं की संपलं. हवाई दलात तसं नाही. फ्लाइंग ऑफिसर, फ्लाइट लेफ्टनंट, स्क्वाड्रन लीडर, विंग कमांडर, इथपर्यंत ठरलेल्या वर्षांनी पुढं जाता येतं, काम चोख असलं की झालं. त्याच्या पुढं मात्र निवड. ग्रुप कॅप्टन, एअर कमोडोर, एअर व्हाइस मार्शल, एअर मार्शल आणि शेवटी एअर चीफ मार्शल. दर पायरीवर माणसं कमी होत जातात. ज्यांच्याबरोबर जेवलात, उडालात, त्यातलेच बहुतेक मागं राहतात, आणि ते नालायक असतात म्हणून नव्हे. जागाच कमी. सगळ्यात वर तर सगळ्या देशात एकच.

चौधरींनी लढाऊ विमानांची एक स्क्वाड्रन सांभाळली, मग एक हवाई तळ. एअर व्हाइस मार्शल असताना ते दुंडिगलच्या त्याच अकादमीचे उपप्रमुख होते, जिथून विसाव्या वर्षी बाहेर पडले होते. दिल्लीच्या मुख्यालयात अधिकाऱ्यांच्या नेमणुका-बदल्यांचं खातं बघितलं. ऑगस्ट २०२० मध्ये ते पश्चिम हवाई कमांडचे प्रमुख झाले. तारीख लक्षात घ्या. दीडच महिन्यापूर्वी, १५ जूनला, गलवानमध्ये आपले वीस जवान गेले होते आणि लडाखचं आकाश याच कमांडकडं येतं. त्यानंतर दीड महिन्याच्या आत, १० सप्टेंबरला, अंबाल्यात पहिली राफेल विमानं रीतसर दाखल झाली. ते ठाणंही याच कमांडचं. पुढच्या जुलैत उपप्रमुख, सप्टेंबरअखेर प्रमुख.

प्रमुख झालं म्हणजे मजा, असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी एकच प्रसंग. ९ मार्च २०२२ ला आपल्याकडून एक ब्रह्मोस क्षेपणास्त्र चुकून सुटलं आणि पाकिस्तानात मियां चन्नूजवळ पडलं. दारूगोळा नव्हता, माणूस मेलं नाही. पण दोन अण्वस्त्रधारी देशांमध्ये ही ‘चूक’ काय करू शकली असती याचा विचार करा. चौकशी झाली, ऑगस्टमध्ये तीन अधिकाऱ्यांना बडतर्फ केलं गेलं. बटण प्रमुखानं दाबलेलं नसतं. पण दलात कुठंही काही झालं की उत्तर त्यालाच द्यावं लागतं, आणि विमानांची संख्या मंजूर बेचाळीस स्क्वाड्रनवरून तिशीच्या आसपास आलेली असताना सीमा मात्र तेवढीच लांब असते.

३० सप्टेंबर २०२४ ला ते निवृत्त झाले. सेवा जवळपास बेचाळीस वर्षं.

आता परत आपल्या रस्त्यावर या. त्या पोरानं म्हटलेलं ‘मोठ्या लोकांचं’.

नियम बघितले तर ते खोटं आहे. एनडीएतून हवाई दलात जायला बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित लागतं. डिग्री नाही. वय साडेसोळा ते साडेएकोणीस. लग्न झालेलं नको. परीक्षा यूपीएससी घेते, वर्षातून दोनदा. जाहिरात साधारण डिसेंबरात आणि मे महिन्यात येते, पेपर एप्रिल आणि सप्टेंबरच्या सुमारास. फॉर्मची फी शंभर रुपये, मुलींना आणि अनुसूचित जाती-जमातींना तीही माफ. निवड झाल्यावर प्रशिक्षणाचा खर्च सरकारचा. एखाद्या खासगी इंजिनीअरिंग कॉलेजच्या एका वर्षाच्या फीत माणूस इथं आयुष्यभराला लागतो, आणि तीही भरावी लागत नाही.

पण वस्तुस्थिती बघितली तर तो पोरगा पूर्ण खोटं बोलत नव्हता. लेखी परीक्षा नऊशे गुणांची. गणिताला तीनशे, सामान्य क्षमतेला सहाशे, आणि त्या सहाशेत इंग्रजीचे दोनशे. प्रश्नपत्रिका इंग्रजी आणि हिंदीत. मराठीत नाही, कन्नडमध्ये नाही. म्हणजे आपल्या पोराला गणित येत असलं तरी प्रश्न आधी मनात उतरवून घ्यावा लागतो, मग सोडवावा लागतो, आणि घड्याळ थांबत नाही. चुकीच्या उत्तराला गुण कापतात ते वेगळंच. त्यातून पुढं गेलात की पाच दिवसांची एसएसबी, तिलाही पुन्हा नऊशे गुण. तिथं चित्र बघून गोष्ट सांगा, गटात चर्चा करा, दोरी-फळ्या घेऊन अडथळा पार करा, स्वतःबद्दल बोला. आपली पोरं काम करायला भित नाहीत, बोलायला भितात. घरात ‘मोठ्यांच्या मध्ये बोलू नको’ हेच शिकवलेलं असतं. तिथं नेमकं मोठ्यांच्या मध्येच बोलायचं असतं.

आणि वैमानिक व्हायचं असेल तर आणखी एक चाळणी. संगणकावरची वैमानिक निवड चाचणी. हात, पाय, डोळे एकदम किती जुळतात ते बघतात. ही आयुष्यात एकदाच देता येते. नापास झालात तर सैन्याचे बाकी दरवाजे उघडे, वैमानिकाचा कायमचा बंद. याशिवाय डोळे, पायांची लांबी, बसल्यावरची उंची, सगळं मापात लागतं. त्यातलं काही आपल्या हातात नसतं. चष्मा लागलेल्या पोरानं स्वतःला दोष देऊ नये. हवाई दलात तांत्रिक शाखा आहे, जमिनीवरच्या इतर शाखा आहेत, तिथल्या नियमांची चौकशी करावी. डिग्रीनंतर ॲफकॅट नावाची दुसरी परीक्षाही आहे.

म्हणजे खरी अडचण पैशाची कमी आणि वेळेची जास्त आहे. साडेएकोणीस ही रेषा फार लवकर येते. आपल्या भागात पोराला सैन्याची आठवण येते ती बारावी झाल्यावर, किंवा बीएच्या दुसऱ्या वर्षाला, घरचे ‘काहीतरी कर की आता’ म्हणायला लागल्यावर. तोवर अकरावीला कला शाखा घेऊन झालेली असते, गणित सुटलेलं असतं, वय उलटलेलं असतं. मग उरतं ते सोळाशे मीटर. पळून मिळते ती नोकरी काही कमी दर्जाची नाही, हे स्पष्ट लिहितो. त्या रस्त्यावर घाम गाळणाऱ्याला कमी लेखणारा माणूस मला तरी आवडणार नाही. पण पळणं हा एकच रस्ता आहे असं ज्याला वाटतं, त्याला दुसरा कुणी दाखवलेलाच नसतो.

इथं अग्निवीर योजनेबद्दल बोलल्याशिवाय पुढं जाता येत नाही. १४ जून २०२२ ला ती जाहीर झाली, संरक्षणमंत्र्यांच्या शेजारी तिन्ही दलांचे प्रमुख होते. पांडे, हरी कुमार, चौधरी. एकसष्टाव्या तुकडीचे तेच तिघे. सैन्याला तरुण ठेवायचं, पेन्शनचा बोजा कमी करायचा, ही कारणं मी समजू शकतो. पण ज्या तिघांना सतराव्या वर्षी चाळीस वर्षांची वाट मिळाली, त्यांच्या साक्षीनं पुढच्या पिढीतल्या जवानांना चार वर्षांची मिळाली आणि कायम होणार त्यातले चारातला एक, हे चित्र माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. दोष त्या तिघांचा नाही, धोरण सरकारचं असतं. मला एवढंच दिसतं की जवान आणि अधिकारी यांच्यातलं अंतर आधीच मोठं होतं, ते आता आणखी वाढलं. हवाई दलाच्या पहिल्या अग्निवीर भरतीला साधारण तीन हजार जागांसाठी साडेसात लाखांच्या आसपास अर्ज आले. त्यातल्या किती जणांना साडेसोळाव्या वर्षी एनडीए हा शब्द कुणी ऐकवला असेल?

आपल्या राज्यात सोयी नाहीत असंही नाही. देशातली पहिली सैनिकी शाळा साताऱ्याला १९६१ मध्ये सुरू झाली. तिथं शिकलेले नागपूरचे प्रदीप वसंत नाईक २००९ ते २०११ हवाई दलाचे प्रमुख होते. त्या शाळेत सहावीला प्रवेश मिळतो, म्हणजे पाचवीतल्या पोराच्या घरात ही गोष्ट माहीत हवी. छत्रपती संभाजीनगरला १९७७ पासून राज्य सरकारची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था आहे. दहावीनंतर निवड, अकरावी-बारावी तिथंच, राहणं-जेवण-एनडीएची तयारी सगळं तिथं. मुलींसाठी तशीच संस्था नाशिकला २०२३ मध्ये सुरू झाली. आणि मुलींना आता एनडीए खुली आहे, सर्वोच्च न्यायालयाच्या ऑगस्ट २०२१ च्या आदेशानंतर. चौधरी प्रमुख असतानाच, २०२२ मध्ये, मुलींची पहिली तुकडी खडकवासल्याला दाखल झाली, आणि ३० मे २०२५ ला त्यातल्या सतरा जणी बाहेर पडल्या.

हे सगळं इंटरनेटवर आहे, खिशातल्या मोबाईलवर आहे. मग अडतं कुठं? ते कुणी नाव घेऊन सांगत नाही, तिथं. आपल्या बाजार समितीत तुरीचा भाव फळ्यावर लिहितात, तो सकाळी नऊला सगळ्या गावाला पाठ असतो. ज्युनियर कॉलेजांनी, हायस्कुलांनी, नगरपरिषदेच्या वाचनालयानं फळ्याच्या एका कोपऱ्यात चार ओळी लिहिल्या तर काय बिघडतं? एनडीएचा फॉर्म या तारखेपर्यंत. संभाजीनगर आणि नाशिकची परीक्षा या तारखेला. सैनिकी शाळेची ही. मराठीत लिहा, शेजारी कन्नडमध्ये लिहा. यासाठी निधी लागत नाही, जीआर लागत नाही. एक खडू आणि एक मास्तर लागतो. गणिताच्या मास्तरांना तर वेगळं सांगतो: वर्गात ज्याचं गणित चांगलं आहे त्याला ‘इंजिनीअर हो’ म्हणण्याआधी एकदा त्याची जन्मतारीख विचारा.

त्या पहाटे मी नेमकं तेच केलं. जो पोरगा ‘डिग्री लागती की’ म्हणाला होता, त्याला बारावीला गणितात नव्वदच्या वर गुण होते. सायन्सचा. पळतो सगळ्यांत पुढं. चष्मा नाही. जन्मतारीख सांगितली, बोटांवर मोजलं. साडेएकोणीस उलटून दोन महिने झाले होते. मी गप्प बसलो. त्यालाच कळलं. ‘‘राहू दे ओ सर,’’ म्हणाला, ‘‘अग्निवीरचा फॉर्म सुटलाय, तो भरतो.’’ डिग्रीचं तिसरं वर्ष पूर्ण कर आणि ॲफकॅट दे, असं मी सांगितलं. त्यानं मान हलवली. देईल की नाही माहीत नाही.

निघताना त्यानं विचारलं, ‘‘बहीण दहावीला हाय. तिला चालतंय का ते नाशिकचं?’’

चालतं म्हटलं. गणिताचं विचारलं, तर म्हणाला, माझ्यापेक्षा हुशार आहे. अकरावीला काय घेणार, तर ते अजून ठरलं नव्हतं. दिवाळीत मामा येतात पुण्याहून, ते सांगतील तसं. मी फॉर्म कुठं बघायचा ते त्याच्या मोबाईलवर टाईप करून दिलं. तेवढ्यात हैदराबादकडं जाणारी गाडी धडधडत गेली, आणि त्या आवाजात पुढचं बोलणं राहून गेलं.